कागद येईपर्यंत पाणकर टेकचंदच

मु. तलावटोली, मार्गे लाखांदूर, जि. भंडारा
रविवार, दि. १८ डिसेंबर १९७७

रा. रा. टेकचंदजी यांना कृष्णरावाचा रामराम.

(नावापुढे ‘जी’ लावलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. हे पत्र अर्धं सरकारी आहे. अर्धं का, ते शेवटी येईलच.) इकडे तुझी बहीण आणि मी दोघंही खाऊनपिऊन बरे आहोत. माझी डावीकडची दाढ गेली, म्हणजे मीच लाखांदूरला जाऊन काढवून आणली, आणि तेव्हापासून ‘ठ’ म्हणताना वर्गात मुलं हसतात. रुखमिणीच्या कंबरेचं तेच आहे जे दहा वर्षांपासून आहे. तुझा गुडघा कसा आहे? बपेऱ्याची हवा मानवते का? तुझ्या लेकीच्या, वच्छलाच्या पत्रात होतं की तू तिथे बैलगाड्यांच्या पाटांवर मोर काढून देतोस आणि ताराचंदराव जावई सासऱ्याची फार बडदास्त ठेवतात. ठेवू देत. पण दहा महिने झाले, टेकचंद. जावयाच्या घरी सासरा दहा महिने राहिला तर जावई काही बोलत नाही, पण त्याच्या घरची कोंबडीसुद्धा सासऱ्याकडे तिरकी मान करून बघायला लागते. हे मी माझ्या मनाने लिहीत नाही, तुझ्या बहिणीने चुलीजवळून सांगितलं तसं लिहितो आहे.

पत्र आंतरदेशीयवर मावणार नाही म्हणून सहामाही परीक्षेच्या उरलेल्या कागदांवर लिहितो आहे. उजवीकडे गुणांची चौकट छापलेली दिसेल, तिच्यात काही भरू नकोस. (भरायचेच असतील तर वाचून झाल्यावर भर. मला पासापुरते पुरे.)

आता फळ्याचं सांगतो. नवं वर्ष लागेल तेव्हा शाळेच्या भिंतीवरच्या त्या काळ्या फळ्याला पंधरा वर्षं होतील. तूच रंगवलास, तूच पांढऱ्या तैलरंगात नावं लिहिलीस. वरून राष्ट्रपती, पंतप्रधान, लोकसभेचे अध्यक्ष, राज्यपाल, मुख्यमंत्री, सरपंच, आणि खाली एक ओळ कोरी राहिली तेव्हा ‘कोरी जागा वाईट दिसते’ म्हणून तुझ्याच हाताने ‘पाणकर : टेकचंद’. तेव्हा मी रागावलो होतो. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना वाटून देणारा माणूस राष्ट्रपतींच्या फळ्यावर कसा बसतो, असं विचारलं होतं. तू म्हणालास की राष्ट्रपती नसले तर आपलं धान वाळत नाही. ओळ तशीच राहिली. दर सव्वीस जानेवारीला तू येऊन नावं उजळायचास आणि बदललेलं एखादं नाव पुसून नवं लिहायचास. पंधरा वर्षांत एकूण किती नावं बदलली ते आठवून बघ, आणि मग हे वर्ष बघ. देशाने तुझ्या जाण्याचीच वाट पाहिली होती असं वाटावं.

त्या अकरा फेब्रुवारीचं मला लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळा भरायच्या वेळेला पानठेल्यावरच्या रेडिओने राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद वारल्याची बातमी सांगितली आणि तू रॉकेलचा बोळा घेऊन सरळ फळ्याकडे आलास. मी बाहेर येईपर्यंत नाव पुसून झालं होतं. मी तुला सगळ्या शाळेसमोर आणि सरपंच तुलारामसमोर विचारलं की कोणत्या परिपत्रकाने पुसलं. तू म्हणालास, रेडिओने. मी म्हणालो, वरून कागद येईपर्यंत या फळ्यावरचं नाव हलणार नाही, पुन्हा लिही. आणि तू लिहिलंस. इतकं सुंदर नाव तू चौदा वर्षांत लिहिलं नव्हतंस, खाली बारीक कमळही काढलंस. मग ब्रश पुसून खिशात टाकलास आणि मेहुण्याच्या नात्याने मला म्हणालास, “भाटवे, मेलेल्या मानसाले तुमी कागद येईपर्यंत जित्ता ठेवता न? मंग मी बी गावातच आहो असं समजा, कागद येईपर्यंत.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू गेलास. तुझ्या बहिणीने तुझ्या घराची किल्ली मला दाखवली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा ते तीन दिवस बरे होते.

त्यानंतर महिनाभर फळ्यावर तुझ्या हाताचे राष्ट्रपती होते आणि वर्गात मी खरे सांगत होतो. म्हणजे तोंडाने बी. डी. जत्ती, कार्यवाहक, असं पाठ करून घ्यायचं आणि फळ्याकडे बघू नका म्हणायचं. (फळा शाळेच्या दारातच आहे. त्याच्याकडे न बघता शाळेत शिरायचं तर उलटं चालावं लागतं. पहिलीच्या वर्गाने तोही प्रयोग केला.) मग मार्चमध्ये निवडणूक आली. आपल्या शाळेत मतदान केंद्र. मतदानाच्या आदल्या दिवशी अधिकारी आले, त्यांनी फळा वाचला आणि म्हणाले, पंतप्रधान उमेदवार आहेत, केंद्रावर उमेदवाराचं नाव चालणार नाही, झाकून टाका. एवढा मोठा फळा झाकणार कशाने? रुखमिणी लुगडं द्यायला तयार नव्हती. शेवटी मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी तू रंगवलेला राजवाड्याचा पडदा शाळेच्या माळ्यावर होता, तो ताणून बांधला. त्यामुळे आपल्या गावाने या खेपेचं मतदान राजवाड्यासमोर रांग लावून केलं. धुरपताबाईने मत देऊन येताना तुझ्या राजवाड्याच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. हे तू बघायला हवं होतंस. त्या दिवशी मी चार वेळा मागे वळून तुला सांगायला गेलो आणि चारही वेळा मागे भिंत होती.

निकाल लागले, आणीबाणी उठली, चोवीस मार्चला मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. फळ्यावर मात्र वारलेले राष्ट्रपती आणि पडलेले सरकार दोन्ही सुखाने नांदत होते. मी कागदाची वाट बघत होतो. तुलाराम रोज सकाळी दातण करत यायचा आणि म्हणायचा, “मास्तर, दिल्लीत राज बदलून गेला, तुमचा फळा काहून झोपून राहिला?” दोन आठवडे मी तग धरला. मग एका रविवारी, कोणी नसताना, स्वतः रॉकेलचा बोळा घेतला. ब्रश तू नेलेला. म्हणून घर पोतायचा शिंदीच्या काडीचा कुंचला ठेचून बारीक केला. ‘मोरारजी’ एवढं मोठं आलं की ‘देसाई’ला लाकडी चौकटीवर जावं लागलं. जत्तींसाठी तुझं राष्ट्रपतींचं नाव आणि ते कमळ पुसायला मला अर्धा तास लागला. पुसताना रडू आलं. रॉकेलने डोळे चुरचुरतात हे रुखमिणीला सांगितलं, तिला पटलं नाही.

तेव्हापासून मी देशाच्या कारभाराकडे रंगाऱ्याच्या डोळ्यांनी बघायला शिकलो. कोण कोणत्या पक्षाचा याच्याशी मला आता कर्तव्य नाही. नाव किती लांब आहे आणि त्यात जोडाक्षरं किती, एवढंच बघतो. एप्रिलअखेर राज्यपाल म्हणून सादिक अली आले तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना दुवा दिला, इतकं आटोपशीर नाव. मे महिन्यात शंकरराव चव्हाण जाऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, भिंत तापलेली, रंग लावला की ओघळायचा. दादांच्या ‘दा’चा काना खाली सरपंचाच्या ओळीत घुसला. तुलारामने ती संधी साधून आपल्या नावामागे ‘श्री’ लावून मागितला. तो लिहिताना ‘श्री’चा असा काही गोळा झाला की आता परगावचे लोक आपल्या सरपंचाचं नाव ‘थू तुलाराम’ असं वाचतात. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

पण खरी गंमत जुलैची. मार्चअखेर लोकसभेचे अध्यक्ष म्हणून नीलम संजीव रेड्डी आले होते. त्यांचं नाव मी लिहिलं आणि कसं कोण जाणे, ती एक ओळ सरळ आली. तुझ्यासारखी नाही, पण सरळ. मी येताजाता बघायचो. आणि पंचवीस जुलैला तेच राष्ट्रपती झाले. म्हणजे खालून पुसून वर लिहायचं. वर लिहिलं, जत्तींच्या जागी, पण खालची ओळ पुसायला माझा हात होईना. आयुष्यात एकच ओळ सरळ आली होती माझी. राहू दे चार दिवस म्हटलं. ते चार दिवस पंधरा ऑगस्टपर्यंत लांबले, आणि नेमके त्या दिवशी झेंडावंदनाला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, राष्ट्रपती कोण. सगळे ओरडले, नीलम संजीव रेड्डी. लोकसभेचे अध्यक्ष कोण. पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. साहेब म्हणाले, एकच माणूस दोन जागी कसा? तर वर्गातून उत्तर आलं की आमचे मास्तर पण दोन जागी आहेत, शाळेत आणि तुडुमावर.

(तुडुमावर मी का, ते पुढे सांगतो.) साहेबांनी भेटवहीत ‘फलक अद्ययावत नाही’ असा शेरा मारला. मग बोट खाली सरकवत शेवटच्या ओळीवर आणलं आणि विचारलं, हा पाणकर टेकचंद कोण, झेंडावंदनाला दिसत नाही, गावात आहे ना? मी चोवीस वर्षं नोकरी केली, हजेरीपटात कधी खोटी खूण केली नाही. मी साहेबांना सांगितलं, गावातच आहे.

आता तुडुमाचं. तू गेल्यावर पावसाळ्यापर्यंत कोणाला काही वाटलं नाही. रोवणी झाली. जुलैअखेर पावसाने ओढ दिली, रोवलेलं धान सुकू लागलं आणि सगळ्यांनी तलावाकडे मान वळवली. पाणी सोडायला तुडूम उघडणार कोण? तुझी ओळ फळ्यावर, तू बपेऱ्याला. जत्तींना कार्यवाहक राष्ट्रपती करता येतं तर कार्यवाहक पाणकर का नको, असं कोणीतरी म्हणालं (मीच म्हणालो, मला काय माहीत ते माझ्यावरच येईल) आणि सर्वानुमते मला तलावाच्या पाळीवर उभं केलं. मी रीतसर काम केलं. सव्वीस शेतकऱ्यांची नावं अकारविल्हे लावली, प्रत्येकाला शाळेच्या दोन तासिकांएवढं पाणी, तासिका संपली की घंटा. आनंदराव पहिला. त्याची बांधी तुडुमाला लागूनच, तो खूश. श्यामराव पार शेवटच्या टोकाला आणि माझ्या यादीतही पार शेवटी. मधल्या बांध्यांनी पाणी पिऊन टाकलं, त्याच्याकडे ओलसुद्धा पोचली नाही. सहाव्या दिवशी तो शाळेत आला, दारात उभा राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. “मास्तर, माहा नंबर येतवरी तं माह्या धानाची तनीस झाली,” एवढंच म्हणाला आणि फळ्यावरची तुझी ओळ वाचत राहिला.

तेव्हा मला आठवलं की तू नेहमी शेवटच्या बांधीला आधी पाणी न्यायचास. कितीदा आपण पाळीवर संध्याकाळी बिडी ओढत बसलो असताना तू सांगितलंस की शेवटचा भिजला की मधल्यांना आपोआप मिळते, आधी पहिल्याला दिलं की शेवटच्याचं तोंड कोरडंच राहते. मी ऐकत नव्हतो, मी तुझ्या बिडीची राख माझ्या धोतरावर पडते का ते बघत होतो. श्यामरावचं निम्मं धान गेलं. त्याने मला शिवी दिली नाही, कोणीच दिली नाही. मास्तराला काय समजते, असं म्हणून सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. तशी माफी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

दिवाळी झाली, मंडई झाली. नाटकाला तुझाच राजवाडा लावला, पण त्याला मतदानाच्या वेळचं खिळ्याचं भोक पडलं आहे, राजाच्या बरोबर डोक्यावर, आणि त्यातून मागची गॅसबत्ती चमकत होती. लोक म्हणाले, टेकचंदने मुकुटात हिरा बसवला. त्यानंतर आठवड्यात आंध्राच्या किनाऱ्यावर वादळाने समुद्र गावांत शिरल्याची बातमी आली. पानठेल्यावर रेडिओपुढे सगळे उभे होते, आपली तलावाची माणसं, पाण्याचं भय त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मी घरी न जाता पाळीवर गेलो. परदेशची बदकं आली आहेत यंदाही. तुझी जागा सोडून बसलो. आता मला सवय झाली आहे, मी रोज तुझी जागा सोडूनच बसतो, आणि अंधार पडायच्या आत उठतो, कारण एकट्याने बसलं की पाळ फार लांब वाटते. तुझी आठवण येते, टेकचंद. हे मी दहा महिन्यांत लिहिलं नाही, कारण मी मुख्याध्यापक आहे आणि तू साळा.

आता सरकारी अर्धं. धान चुरून झाल्यावर दरवर्षीप्रमाणे पाणकराला त्याचं धान द्यायची सभा पंधरवड्यापूर्वी भरली. धान द्यायचं कोणाला, असा प्रश्न आला. कवडू उभा राहिला, पुढच्या सालापासून मी पाणकर होतो म्हणाला. (त्याची बांधी आनंदरावच्या शेजारी, तुडुमापासून दुसरी. श्यामराव सभेतून उठून गेला.) मी म्हणालो, फळ्यावर टेकचंदचं नाव आहे आणि कागदाशिवाय माझ्या फळ्यावरचं नाव पुसलं जात नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुलाराम म्हणाला, मग कागद मागवा. त्यावर ठराव झाला, तो असा : टेकचंद यांनी पाणकरपदाचा राजीनामा लेखी पाठवावा, तो आल्यावर येत्या सव्वीस जानेवारीस फळ्यावर कवडूचे नाव लिहावे, आणि याबाबत मुख्याध्यापकांनी पत्रव्यवहार करावा.

सबब, सदर पत्रान्वये आपणांस विनंती की आपला सहीनिशी राजीनामा उलट टपाली पाठवावा. वच्छलाला आशीर्वाद, जावईबुवांना नमस्कार, त्यांच्या कोंबडीस काही नाही.

आपला,
कृष्णराव
मुख्याध्यापक, आणि कार्यवाहक पाणकर (निकामी)

ता. क. हे पत्र मी ठरावानंतर लगेच टाकणार होतो, पण गेल्या गुरुवारी एक लिफाफा आला म्हणून थांबलो आणि सगळं नव्याने लिहिलं. लिफाफ्यावर पाच ठिकाणचे शिक्के आहेत, दोन तर आपल्या जिल्ह्याबाहेरचे. आतल्या परिपत्रकाची तारीख चौदा फेब्रुवारी. त्यात लिहिलं आहे की शाळांतील फलकांवरील पदाधिकाऱ्यांची नावे आकाशवाणीवरून बातमी कळताच बदलावीत, स्वतंत्र परिपत्रकाची वाट पाहू नये. मी ते तीनदा वाचलं. तू बरोबर होतास. आणि कागदाचं मी जे म्हणालो ते नियमासाठी नव्हतं, टेकचंद. मी भ्यालो होतो. तेव्हाचे दिवस आठव, मास्तरांना कशाकशासाठी बोलावून उभं करत होते ते आठव. वरच्या माणसाचं नाव माझ्या शाळेत कोणी पुसलं, हे वर कळलं तर, एवढंच मनात आलं, आणि मी ते भय तुझ्यावर काढलं, मुलांसमोर. चुकलं माझं.

ता. क. दुसरा. तुझी बहीण म्हणते, “त्याले लिवा, भाऊबीजेले ताट वाढून पाटापुढे ठेवलं होतं. बहिनीच्या घरी याले कोनता कागद लागते?” तिने यंदा कोणालाच ओवाळलं नाही. ती तुझ्या घरचं अंगण अजून रोज झाडते.

ता. क. तिसरा, आणि हा तुलारामला दाखवू नये. त्या परिपत्रकाप्रमाणे गेलेल्या माणसाचं नाव कागदाची वाट न बघता लगेच पुसायला पाहिजे. म्हणजे तुझंही. हे गावाला कळलं तर माझ्या हातात काही उरत नाही. म्हणून ते परिपत्रक मी तांदळाच्या ढोलीत तळाशी घातलं आहे. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी दडवलेला हा पहिला कागद. सव्वीस जानेवारीपर्यंत ते तिथे राहील, त्यापुढे रुखमिणीचे तांदूळ पुरत नाहीत. तेव्हा राजीनामा पाठवू नकोस. पत्रसुद्धा पाठवू नकोस, तुझ्या हाताचा कोणताही कागद या गावात यायला नको. तू ये. बपेऱ्याहून सकाळची तुमसरची गाडी धरलीस तर भंडाऱ्याहून दुपारची लाखांदूरची मिळते. मी रोज शाळा सुटल्यावर फाट्यापर्यंत फिरायला जातो, डॉक्टरांनी सांगितलं आहे. (सांगितलेलं नाही.) ब्रश आण. वरच्या सहाही ओळी आता माझ्या हाताच्या आहेत आणि बघवत नाहीत. खालची एकच ओळ तुझ्या हाताची उरली आहे. पावसाने ‘टे’ची मात्रा थोडी उडाली, पण मी तिला रंग लावलेला नाही.